पाचाजवळचा लाल ठिपका

'ओरिजनल' हा शब्द मी त्या दिवशी बोललो नसतो, तर पुढचं काहीच घडलं नसतं. सिंधुचं, म्हणजे आमच्या घरच्या हायकोर्टाचं, मत असं की शब्द कुठलाही असता तरी मी घोळ घातलाच असता, कारण पाहुण्यांत बसलं की मला गप्प राहता येत नाही. हा आरोप मला मान्य नाही. बत्तीस वर्षं मी लातुरात भूमी अभिलेखच्या टेबलावर बसलो आणि समोरच्या माणसाला 'उद्या या' याच्यापलीकडे फारसं बोललो नाही. पण ते असो.

गोष्ट दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यातली. लातूरला पाणी रेल्वेनं येत होतं. नळाला पाणी कधी आलं होतं हे आमच्या कॉलनीत लोक आठवायचंही सोडून बसले होते. अशा गावात मुलीचं लग्न काढायचं म्हणजे वऱ्हाडाला हातपाय धुवायला काय द्यायचं, इथूनच घोडं अडायचं. त्यामुळे आमच्या करुणाचं लग्न नांदेडला, नवरदेवाच्या गावी करायचं ठरलं. मंडप त्यांचा, आचारी त्यांचे आणि पाणीसुद्धा त्यांचं. व्याही सज्जन माणूस, त्यांनी 'तुम्ही फक्त माणसं घेऊन या' असं अगदी प्रेमानं सांगितलं. पण पोरीचा बाप रिकाम्या हातानं मांडवात जातो तेव्हा त्याला काय वाटतं, हे प्रेमानं सांगणाऱ्याला कळत नाही. मला फार लागलं होतं ते.

आमचे व्याही रामकिशनराव म्हणजे विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून निवृत्त झालेले प्राध्यापक. जुनी मनगटी घड्याळं जमवणं हा त्यांचा नाद. बोलणी आटोपल्यावर त्यांनी मखमल लावलेली पेटी आणली आणि एकेक घड्याळ दाखवायला सुरुवात केली. एक्केचाळीस घड्याळं. तेविसाव्या घड्याळापाशी माझा धीर सुटला.

"आमच्याकडे पण आहे एक," मी म्हणालो. "माझ्या वडिलांचं. स्विस. मराठी आकड्यांचं. जावईबापूंना तेच द्यायचं ठरवलंय मी. एकदम ओरिजनल."

ठरवलं वगैरे काही नव्हतं. ते त्याच क्षणी तोंडातून निघालं. सिंधुनं बशीतलं बिस्किट परत बशीत ठेवलं.

रामकिशनरावांनी चष्मा काढला. "मराठी आकडे? डायल ओरिजनल आहे, भुजंगराव?"

"शंभर टक्के."

"मग ते माझ्या सगळ्या पेटीला भारी आहे. पण एक सांगतो, यात सगळा खेळ डायलचा असतो. पट्टा बदलतो, काच बदलते, आतलं यंत्रही बदललेलं चालतं. डायल एकदा का कुणी नव्यानं रंगवली, की ते घड्याळ कामातून गेलं. पंधरा दिवसांनी रविवार मोकळा आहे, येतो बघायला."

तर असा मी अडकलो. आता घड्याळाविषयी सांगतो. माझे वडील ज्ञानोबा सोनकांबळे हे बांधकाम खात्यात हजेरी कारकून होते. घड्याळ त्यांच्या डाव्या मनगटावर मी शाळेत असल्यापासून पाहिलेलं. सायीच्या रंगाची डायल, तिच्यावर एक ते बारा काळे मराठी आकडे, आणि पाचाजवळ एक लहानसा लाल ठिपका. कंपनीचं नाव कुठेच नव्हतं. हा मी कंपनीचा विनय समजत होतो. लहानपणी एकदा मी विचारलं होतं की हा ठिपका कशाचा. वडील म्हणाले होते, "तो आपला नाही. कामावरच्या लोकांचा आहे." यावरून हे घड्याळ सरकारनं कामासाठी दिलेलं असणार, असा अर्थ मी लावला, आणि पुढं चाळीस वर्षं दुसरा अर्थ शोधण्याची गरज पडली नाही.

वडील वेळेचे फार कडक. सात म्हणजे सात. खेळायला पाच मिनिटं वाढवून मागितली तर मनगट पुढं करायचे आणि काही न बोलता काट्याकडे बोट दाखवायचे. माझ्या स्वतःच्या लग्नात त्यांनी भंतेजींनाही घड्याळ दाखवलं होतं. आयुष्यात कुणाला एका मिनिटाची सूट त्यांनी दिल्याचं मला आठवत नाही. त्यांच्या घड्याळाविषयी मी खोटं बोललो असेन, ही कल्पनासुद्धा मला सहन होईना.

दुसऱ्या दिवशी टँकरच्या रांगेत मी ही अडचण शेजारच्या हणमंतरावांच्या कानावर घातली. हणमंतराव एसटीत कंट्रोलर होते. निवृत्त झाले तरी कुणाचीही गाडी कुठल्या फलाटाला लावायची हे त्यांना अजून सांगावंसं वाटतं.

"सोप्पं हाय," ते म्हणाले. "कंपनीचं छापकाम असंल तर जन्मात निघत न्हाई. हातानं रंगवलं असंल तर निघतंय. टेस घ्यायची."

"निघालं तर?"

"ओरिजनल हाय म्हनता ना? मग निघंल कसं?"

पाणी भरून झाल्यावर मी त्यांना घरी आणून घड्याळ पुढं ठेवलं. स्टँडवरची घड्याळं चाळीस वर्षं आपणच उघडत होतो, असं म्हणत त्यांनी चाकूच्या टोकानं काच उचकटली. मग आपल्या सुनेच्या कपाटातून नखांचा रंग काढायची बाटली आणली, कापसाचा बोळा भिजवला आणि सातावरून एकदाच फिरवला. अर्धा सात कापसावर आला.

सात जिथं होता तिथं आता वरचा रंग जाऊन खालून फिकट काळा इंग्रजी सात दिसत होता.

"टेस तर बरोबर झाली," हणमंतराव म्हणाले आणि टँकरचा भोंगा वाजल्याचं निमित्त करून घरी गेले. टँकर त्या दिवशी येऊन गेला होता.

सिंधुला मी सांगितलं नाही. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "व्याह्याला आत्ता फोन लावा अन् खरं सांगा." हा सल्ला इतका सरळ होता की तो मला पटणं शक्यच नव्हतं. मी घड्याळ रुमालात गुंडाळून गंजगोलाईच्या बाजारात खय्यूमभाईंकडे गेलो. खय्यूमभाईंचं घड्याळदुरुस्तीचं दुकान म्हणजे एक काचेचं कपाट आणि त्याच्या मागं बसलेले स्वतः खय्यूमभाई, तिसऱ्या माणसाला जागा नाही. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, मागचं झाकण उघडलं आणि आतल्या बाजूला बारीक कोरलेली अक्षरं वाचली.

"कारागीर लोक आपली निशाणी कोरून ठेवतेत. ये देखो, नांदेड, सन बहात्तर. डायल तवाच दोबारा रंगवेल हाय. खरी विलायती डायल तर खालीच हाय."

"म्हणजे ओरिजनल नाही?"

"साहेब, ओरिजनल म्हंजे काय? तुमचे वरचे दात ओरिजनल हैत का?"

माझ्या दातांचा विषय त्यांना कसा कळला हे मला अजून उमगलेलं नाही. मी मान ताठ ठेवून विचारलं, "आणि हा लाल ठिपका?"

खय्यूमभाईंनी घड्याळ उजेडात तिरकं धरलं. "आकडे रंगवणाऱ्याचा हात येगळा, ठिपक्याचा येगळा. ह्यो रंग घड्याळाचा न्हाई. कशाचा हाय ते मलाबी समजू न्हाई राहिलं." अर्धा सात भरून द्यायला मात्र त्यांनी नकार दिला. म्हणाले, मेलेल्या कारागिराच्या कामात हात घालत नाही.

काच परत बसवून घेऊन मी घरी आलो. येताना रिक्षात मला एक युक्ती सुचली. माणूस बुडायला लागला की त्याला कागद आठवतो, निदान सरकारी माणसाला तरी. बहात्तर म्हणजे दुष्काळाचं साल. वडील तेव्हा जळकोटकडच्या रस्त्याच्या दुष्काळी कामावर होते. समजा सरकारनंच घड्याळ दिलं, आणि सरकारनंच आदेश काढून त्यावर मराठी आकडे रंगवून घेतले, तर ती रंगवलेली डायल ही सरकारी ओरिजनल ठरते. फक्त तेवढा आदेश मिळायला हवा. शिवाय आदल्याच दिवशी मी रामकिशनरावांना मोबाइलवर घड्याळाचा एक फोटो पाठवून बसलो होतो, अर्धा सात अंगठ्याखाली झाकून. त्यांचं उत्तर आलं होतं: 'आकड्यांबद्दल मला थोडी शंका आहे. पण लाल ठिपका शंभर टक्के कारखान्यातला. इतकी नेमकी गोलाई माणसाच्या हातून येत नाही. शिवाय तो पाचाच्या थोडा अलीकडे पडलाय, म्हणजे छपाईतली चूक. अशी चूक असलेली डायल जगात दुर्मीळ.' म्हणजे निम्मी लढाई मी जिंकलो होतो.

उस्मानाबादला गेलो, कारण बहात्तर साली आमचं सगळं त्याच जिल्ह्यात होतं. तिथल्या रेकॉर्ड रूमचा कारकून म्हणाला, ब्याऐंशीला तुमचा लातूर जिल्हा वेगळा झाला तेव्हा तुमचे सगळे बस्ते ट्रकमध्ये भरून दिले, आता आमच्याकडे तुमचं काही नाही. वाटणी झालेल्या भावासारखा बोलला. लातूरला विचारलं तर ते बस्ते परस्पर उदगीरला उतरवले होते. उदगीरला गेलो तर जळकोट तालुका नवा झाला तेव्हा त्यांचं त्यांना देऊन टाकलं होतं. वर तिथला कारकून मला जवळ घेऊन हळू आवाजात म्हणाला, "काका, एवढी घाई कशाला करू राहिले? उदगीर जिल्हा होनार हाय. झाला की सगळं परत हितंच येतंय. तवा या."

उद्या या, हे ऐकायला किती कडू असतं ते मला बत्तीस वर्षांनी कळलं. मी निमूटपणे उसाचा रस प्यायलो आणि जळकोटला फोन लावला. फोन नरसिंग नावाच्या शिपायानं उचलला. रेकॉर्डचं विचारल्यावर तो म्हणाला, "कागुद वाळवीनं खाल्ले. पर त्या रस्त्यावर खडी फोडलेली मानसं हैत की. माझी मायच होती. सरजाबाई. या तुमी."

नेमका त्याच संध्याकाळी रामकिशनरावांचा फोन आला. मी घाबरून थोडं खरं आणि बरंचसं सरकारी असं काहीतरी सांगितलं. जळकोटला साक्षीदार आहे म्हटल्यावर ते एकदम उभे राहिले असावेत, कारण मागं खुर्ची पडल्याचा आवाज आला. "भुजंगराव, मग मी लातूरला कशाला येऊ? रविवारी मी नांदेडहून थेट जळकोटला येतो. असा पुरावा फार कमी घड्याळांना असतो."

त्या रविवारी मी आणि सिंधु एसटीनं जळकोटला पोचलो तेव्हा त्यांची गाडी आधीच नरसिंगच्या दारात उभी होती. घर म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या आणि पुढं लिंबाच्या झाडाची सावली. सावलीत बाजेवर सरजाबाई बसल्या होत्या. पंचाहत्तरीच्या असाव्यात. पण नजर अशी की मी शर्टाचं वरचं बटण लावून घेतलं. रामकिशनरावांनी वही, पेन आणि भिंग मांडून ठेवलं होतं. खिशातल्या घड्याळाचं ओझं मला पहिल्यांदाच जाणवत होतं.

"ज्ञानोबा कारकुनाचा का तू?" सरजाबाईंनी विचारलं. "नाक बापाचंच हाय."

"हो. मी त्यांचं घड्याळ आणलंय दाखवायला."

"थांब. काढू नको खिशातून." त्यांनी हात वर केला. "त्येच्यावर पाचापाशी लाल ठिपका हाय का?"

"आहे."

"बराबर पाचावर न्हाई. चाराकडं सरकेल हाय जरा."

रामकिशनरावांचं पेन थांबलं. ते अदबीनं म्हणाले, "आजी, ती कारखान्यातली चूक आहे."

"कंचा कारखाना? म्या लावलाय त्यो. बाभळीच्या काट्यानं."

सिंधु पदर तोंडाला लावून दुसरीकडे बघायला लागली. इथं, व्याह्यासमोर, वहीसकट माझे शंभर टक्के संपले होते. मी घड्याळ काढून बाजेवर ठेवलं, अर्ध्या सातासकट, आणि मान खाली घालून बसलो. पण सरजाबाईंचं आमच्यापैकी कुणाकडेच लक्ष नव्हतं. त्यांनी घड्याळ उचलून तळहातावर घेतलं होतं.

"चारशे मानूस होतं कामावर," त्या सांगायला लागल्या. "आमी जमीनवाले. घरी बसून खायाची सवय. पर बहात्तरला आमी अन् तुमच्या वस्तीतले, समदे एका मस्टरवर. एकाच ढिगाची खडी. अन् घड्याळ एकट्या ज्ञानोबाच्या हातात. मुकादम रोज अंधार पडस्तोर काम घ्यायचा, पाच न्हाई वाजले म्हनायचा. ज्ञानोबा नवाच होता. पाच वाजले म्हनून सांगायचा, मुकादम ऐकायचा न्हाई. मंग माझा दीर एक दिवस चारचौघांत म्हनला, ह्येचं घड्याळ ह्यो म्हनंल तेच वाजवतंय, दोघं मिळून आपल्याला लुटू राहिले. जातीवरबी बोलला. ज्ञानोबानं काय करावं? हातातलं घड्याळ काढलं अन् पान्याच्या रांजनापाशी, बाभळीला लटकवलं. म्हनला, आता समद्याइनी बघा."

"मग?" रामकिशनरावांनी विचारलं.

"मंग काय. आकडे इंग्रजी. चारशेत एकाला येईना. तर ह्यो गडी बाजाराच्या दिवशी नांदेडला गेला अन् मराठी आकडे करून आला. लई कौतुकानं परत लटकवलं. म्या म्हनलं, कारकून, आमाला ह्येबी येत न्हाई." इतकं बोलून त्या हसल्या. "असं तोंड झालं त्येचं. तू आता केलतंस ना, तसंच."

मग वडिलांनी काच काढली, आणि मैलाच्या दगडाला लावायला आणलेल्या लाल रंगाचा डबा पुढं केला. खूण कामावरच्यांनीच करावी असं ते म्हणाले, म्हणून सरजाबाईंनीच बाभळीचा काटा बुडवून ठिपका दिला. लहान काटा ठिपक्याला टेकला की सुटी. मुकादमाचं काही चालेना, कारण आता वेळ चारशे माणसांना वाचता येत होती.

"पण तो सरकला कसा?" मी विचारलं. "हात हलला का?"

"माझा कशाला हलंल?" सरजाबाईंनी माझ्याकडे बघितलं. "घरी लेकरं होती समद्यांची. सरकारनं दिलेल्या सुकडीचं शिजवायचं असायचं. मुद्दाम अलीकडं दिला. रोज पाव घंटा आधी सुटी."

"आणि वडिलांच्या लक्षात नाही आलं?"

"ज्ञानोबाच्या? त्येनं ठिपका बघितला. लई येळ बघितला. मंग काच बसवली अन् म्हनला, बराबर हाय. काम असेपस्तोर त्येनं कुनाला सांगितलं न्हाई. दीर माझा पुढं त्येच्याच हातचं पानी मागून प्यायचा."

ज्या माणसानं मला विटीदांडूसाठी पाच मिनिटं दिली नाहीत, त्यानं दुष्काळात चारशे माणसांना रोज पाव घंटा दिला होता, आणि पुढची तीस वर्षं तो ठिपका पुसला नव्हता. मी रुमाल काढला. रुमालाला अजून हणमंतरावांच्या बाटलीचा वास येत होता, तेवढं निमित्त डोळ्यांना पुरलं.

मग मी रामकिशनरावांना सगळं सांगून टाकलं. सात, बाटली, खय्यूमभाई, अंगठ्याखाली झाकलेला फोटो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि वही पुढं ओढली. त्या वहीत त्यांच्या प्रत्येक घड्याळाची एक ओळ होती: बनावट कुणाची, साल, डायल. बेचाळिसाव्या ओळीत त्यांनी लिहिलं: सरजाबाई, जळकोट. एकोणीसशे बहात्तर. ओरिजनल. मग जरा विचार करून म्हणाले, "ही नोंद माझ्याकडे राहील, भुजंगराव. घड्याळ पोराच्या हातात राहू द्या. पेटीत नको. आणि त्या साताला आता कुणी हात लावायचा नाही. विशेषतः तुमच्या शेजाऱ्यांनी."

पंधरा दिवसांनी नांदेडला लग्न लागलं. पाणी त्यांचं, मंडप त्यांचा, पण मी रिकाम्या हातानं गेलो नव्हतो. जावयाच्या मनगटावर घड्याळ बांधलं तेव्हा सरजाबाई पहिल्या रांगेत, हिरवं लुगडं नेसून बसल्या होत्या. मंगलमैत्री झाली, आशीर्वाद झाले, आणि दोन शब्द बोलायला माइक माझ्या हातात आला. माइक हातात आल्यावर दोन शब्दांत कुणाचं भागलंय. मी घड्याळाची गोष्ट सुरुवातीपासून सांगितली. उस्मानाबाद, लातूर, उदगीर सगळं घेतलं. दातांचा प्रसंग तेवढा गाळला. मग काही मंडळी उशिरा आली, म्हणून त्यांच्यासाठी थोडक्यात परत घेतली. सिंधु खालून खुणा करत होती, त्या मी शाबासकीच्या समजलो. बाभळीपाशी मी तिसऱ्यांदा पोचलो असेन, तेवढ्यात सरजाबाई उठल्या आणि व्यासपीठावर चढल्या. त्यांनी जावयाचा हात धरून उचलला आणि डोळे बारीक करून डायलकडे पाहिलं.

"भुजंगा," त्या माइकमध्ये म्हणाल्या, "काटा टेकला ठिपक्याला. सोड आता मानसं."

हणमंतरावांनी आपलं मनगट बघून पाच वाजायला अजून पंधरा मिनिटं असल्याचं सांगितलं, पण त्यांचं ऐकायला जागेवर कुणी उरलं नव्हतं. सगळा मांडव पंगतीकडे निघाला होता, आणि सगळ्यांच्या पुढं रामकिशनराव होते.